एकाच संगणकाला दोन मॉनिटर कसे जोडायचे? खरेदीआधी ‘हे’ तपासा

वसई-विरार : विरार ते चर्चगेट हा सुमारे ६० किलोमीटरचा लोकल प्रवास टाळून घरूनच काम करणाऱ्यांना एक स्क्रीन अनेकदा अपुरी पडते. एकीकडे एक्सेल, दुसरीकडे ऑनलाइन मीटिंग. मात्र दुसरा मॉनिटर आणण्याआधी सीपीयूची मागची बाजू पाहायला हवी.

केबल कुठे लावायची?
स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल, तर दोन्ही मॉनिटर कार्डाच्याच पोर्टना जोडावेत. कार्ड बसवल्यावर अनेक संगणकांत मदरबोर्डचे डिस्प्ले पोर्ट बंद होतात. कार्ड नसेल, तर मदरबोर्डवरील एचडीएमआय आणि व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्ट बहुतेकदा एकत्र वापरता येतात.

स्प्लिटर घ्यावा का?
इथेच पैसे वाया जातात. साधा एचडीएमआय स्प्लिटर दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र दाखवतो. दोन वेगळी कामे करता येत नाहीत. घरातला जुना व्हीजीए मॉनिटर एचडीएमआय पोर्टला जोडायचा, तर ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ कन्व्हर्टर घ्यावा. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर उलट्या दिशेचा असल्याने तो चालत नाही. पोर्टच कमी असतील, तर यूएसबी डिस्प्ले अडॅप्टर ऑफिसच्या कामाला पुरतो, गेमिंगला नाही.

सेटिंग काय करायचे?
विंडोजमध्ये ‘विंडोज + पी’ दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. डिस्प्ले सेटिंग्जमधील १ आणि २ क्रमांकाच्या चौकटी टेबलावरच्या क्रमाने ओढून ठेवा. नाहीतर माउस भलत्याच बाजूला जातो. ‘नो सिग्नल’ दिसल्यास मॉनिटरच्या मेनूतील इनपुट तपासा.

दुकानात जाताना मोबाइलमध्ये सीपीयूच्या पोर्टचा फोटो असू द्या. चुकीची केबल गळ्यात पडणार नाही.