बोटंवालं प्रथिन

दक्षिण आफ्रिकेत झेनोपस नावाचा बेडूक राहतो. त्याला जीभच नसते! घास पुढच्या पायांनी तोंडात कोंबतो बिचारा. पण खरी गंमत पुढेच आहे. त्याच्या मादीच्या पोटातल्या कोवळ्या अंड्यांत एक प्रथिन भरपूर सापडतं. आणि त्याला बोटं असतात. चक्क नऊ!

नाव मात्र अगदीच रुक्ष: टीएफ थ्री ए. असू दे!

प्रत्येक अंडं म्हणजे एकच पेशी. तिच्यात डीएनए नावाचा लांबच लांब धागा असतो. काय काय बनवायचं, ते सगळं त्यावर नोंदलेलं. लागेल तेवढ्या तुकड्याची नक्कल काढली, की ते झालं आरएनए. आपलं प्रथिन डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन बसतं, आणि एका खास आरएनएच्या नकला निघू लागतात. अंड्याला त्यांचा मोठ्ठा साठा हवा असतो. पुढे बेडकाचं पिल्लू घडवायचंय ना!

आता ओळखा पाहू, हा साठा सांभाळतं कोण? तेच प्रथिन! डीएनएही तेच पकडतं, आरएनएही तेच.

दिवाळीत आजी नाही का, चकलीचा पहिला घाणा तीच टाकते आणि भरलेले डबेही तीच सांभाळते? आता समजा, दोन्ही हातांत डबे आहेत. मग पुढचा घाणा कोण टाकणार? कोणीच नाही! अंड्यातही तस्संच. साठा वाढला, की प्रथिन आरएनए धरण्यातच गुंतून पडतं. डीएनएकडे जायला उरतंच कोण? नकला आपोआप कमी होतात. कोणी 'पुरे' म्हणायलाही नको!

बोटांनी कामंही वाटून घेतलीत. पहिली तीन डीएनए घट्ट धरतात. आरएनए धरायला मुख्यतः चौथं, पाचवं आणि सहावं.

ही बोटं 1985 मध्ये केंब्रिजच्या ॲरन क्लूग यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शोधली. धातू ओढून घेणारं रसायन घातलं, की प्रथिन आणि आरएनएची जोडी फुटायची. म्हणजे आत धातू असणार! कोणता? जस्त! हो, पत्र्याला गंज चढू नये म्हणून लावतात तेच. प्रत्येक बोटाच्या बेचक्यात जस्ताचा एकच अणू. तो काढला, की बोटाचा आकारच मोडतो.

अशी जस्ताची बोटं असलेली शेकडो प्रथिनं तुमच्या पेशींतही आहेत बरं का! त्यांना जस्त मिळतं कुठून? तुमच्या ताटातून! हरभऱ्याच्या उसळीत असतं, तिळाच्या चटणीतही असतं.