झावळीची राख, विहिरीचं पाणी

झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आशीर्वादित करून आणलेली माडाची पात आजी क्रुसामागे खोचून ठेवायची. वर्षभर ती तिथंच वाळायची. पुढचा उपवासकाळ जवळ आला की वाडीवाडीतून अशा पाती चर्चमध्ये जायच्या. त्या जाळून केलेली राख राखेच्या बुधवारी फादर आमच्या कपाळाला लावायचे. माणूस मातीचा आहे याची ती आठवण. मला लहानपणी एवढंच कळायचं, की आपल्याच वाडीतला माड आज आपल्या कपाळावर आहे.

पुढे बायबल नीट वाचू लागले तेव्हा समजलं, की हिब्रू भाषेत आदाम या नावाचं नातं ‘अदामा’शी, म्हणजे जमिनीशी आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करायला. मशागतीसाठी तिथं जे क्रियापद आहे, त्याचा दुसरा अर्थ सेवा करणं असा होतो. पहिल्या अध्यायात मात्र पृथ्वीवर सत्ता चालवण्याची भाषा येते. निसर्गाच्या आजच्या संकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, असं इतिहासकार लिन व्हाइट यांनी 1967 साली लिहिलं. मला त्यात बरंच तथ्य दिसतं. सत्ता आम्ही पाठ केली, राखण विसरलो.

आमच्या वसईत ते विहिरींनी सांगितलं. इथं वाड्यांमधून बावखलं असायची. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, जमिनीत मुरायचं, शेजारच्या विहिरींना पाझर राहायचा. त्यावर केळी, पानवेली, फुलझाडं जगायची. मग बावखलं बुजवून इमारती उभ्या राहिल्या. टँकर विहिरी उपसू लागले. समुद्र इतका जवळ, की गोडं पाणी ओसरलं तशी खाऱ्या पाण्याला वाट मिळाली आणि विहिरी मचूळ झाल्या. 1980च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले. धर्मगुरूने पाण्याच्या भांडणात कशाला पडायचं, असं म्हणणारे तेव्हा आमच्यातही होते. मला मात्र त्यांचा तो लढा प्रवचनाइतकाच प्रार्थनेचा भाग वाटत आला आहे. ज्या पाण्याने बाप्तिस्मा द्यायचा, ते विकलं जाताना गप्प कसं बसायचं?

पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक 2015 साली आलं. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे ऐकू नका, हे त्याचं सार. ते वाचताना मला आमचा नळ आठवला. वसईला सूर्या धरणाचं पाणी येतं, आणि त्या धरणासाठी आदिवासींना घरं-जमिनी सोडाव्या लागल्या होत्या. भाचीच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला कुंडात तेच पाणी होतं. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्या माणसांसाठी एक विनंती मी लिहून दिली. फादरांनी ती वाचली, तेव्हा माझ्या शेजारची बाई वळून माझ्याकडे पाहत राहिली.

गेल्या उपवासकाळात मांस-मासे सोडण्याबरोबर आम्ही आणखी एक गोष्ट केली. दर रविवारी मिस्सानंतर फावडी, घमेली घेऊन एका जुन्या बावखलात उतरलो. गाळात प्लास्टिक किती निघालं, याची मोजदाद नाही. जूनमध्ये बावखल काठोकाठ भरलं. शेजारच्या विहिरीचं पाणी मी अधूनमधून ओंजळीत घेऊन चाखते. अजून मचूळच लागतं.