चांद्याचा उठाव : १८५४ ते १८६०

डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीला आयतेच निमित्त मिळाले. साताऱ्याचा घास कंपनी सरकारने १८४८ मध्येच घेतला होता. १८५४ मध्ये नागपूरही खालसा झाले. त्यासोबत चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, जंगलमुलूख इंग्रजांच्या हाती गेला. ज्या गोंड जमीनदारांनी या भागात पिढ्यान्‌पिढ्या कारभार केला होता, त्यांना कोणी विचारलेही नाही.

चार वर्षांनी त्याचे उत्तर मिळाले. मार्च १८५८ मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांनी गोंड आणि रोहिले जमवून राजगड परगणा ताब्यात घेतला. त्यांचे वय अवघे पंचवीस. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. डेप्युटी कमिशनर क्रिक्टनने पाठवलेल्या फौजेला नांदगाव-घोसरीजवळ हार खावी लागली. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर छापा पडला. तारखात्याचे गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले. सरकारचे हुकूम तारेवरून धावत असताना हा घाव वर्मी बसला.

जंगलात जे जमेना, ते क्रिक्टनने माणसे फोडून साधले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर त्याने दबाव आणला. सप्टेंबरात त्यांच्या माणसांनी बाबुरावांना पकडून दिले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. अकराव्या दिवशी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा निघाला. यापुढे आणखी मुलूख नको, असे त्यात म्हटले होते. गिळलेला मुलूख परत करण्याची मात्र गोष्ट नव्हती. व्यंकटराव बस्तरात निसटले होते. १८६० मध्ये तिथल्या राजाने त्यांनाही इंग्रजांच्या हवाली केले. त्यांना जन्मठेप झाली. अडपल्ली-घोटची ६७ गावे अहेरीला बक्षीस मिळाली.

सरकारी दप्तराने या साऱ्याची नोंद लूटमार म्हणून केली. लोकांनी ती मानली नाही. चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळाजवळ २१ ऑक्टोबरला गोंड समाज आजही वंदनाला जमतो.

बाबुरावांच्या शौर्याचे पोवाडे जरूर व्हावेत, पण त्यांचा पराभवही नीट अभ्यासायला हवा. बंदुकीआधी भीती आणि बक्षीस चालले, म्हणून उठाव मोडला. मुजोर सत्तेला विरोध करणाऱ्यांनी चांद्याकडून एवढे शिकावे : शेजारचा एकटा पडू लागला की त्याच क्षणी त्याच्या बाजूला उभे राहावे.