वाऱ्यास घाट चढविणारें यंत्र

विमानाच्या जेट एंजिनांत समोरून शिरलेली हवा ज्वालेपर्यंत पोंचण्यापूर्वीं तिला चांगलें दाबावें लागतें. एरवीं तेल जाळूनहि कामापुरता जोर मिळत नाहीं. हें काम करणाऱ्या यंत्रास आपण संपीडक म्हणूं. ज्यांत हवा आंसाच्या दिशेनेंच पुढें जाते तो अक्षीय संपीडक. त्याची रचना काय, आणि ती साधावयास इतकीं वर्षें कां लागलीं, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक लांब नळकांडें कल्पावें. त्याच्या मध्यभागीं एक दंड फिरत असून त्यावर पात्यांचीं चक्रें एकामागून एक बसविलेलीं आहेत. प्रत्येक चक्रामागें, भिंतीस जखडलेल्या स्थिर पात्यांची एक रांग आहे. फिरतीं पातीं हवेचा वेग व कांहीं अंशीं दाबहि वाढवितात. स्थिर पातीं तिची तिरपी गति सरळ करून वेग मंद करितात, आणि हा कमी झालेला वेग दाबाच्या रूपानें प्रकट होतो. अशा एका जोडीस टप्पा म्हणतात. दाबलेली हवा कमी जागा व्यापते, म्हणून मागील वाट अरुंद व पातीं आंखूड होत जातात. शिवाय पात्याचें टोंक बुडाहून अधिक वेगानें फिरत असल्यामुळें, हवा सर्वत्र योग्य कोनांतच भेटावी म्हणून पात्यास बुडापासून टोंकापर्यंत पीळ दिलेला असतो.

हें ऐकून कोणासहि वाटेल कीं, टर्बाइन उलट चालविलें म्हणजे संपीडक झाला. वाफेच्या टर्बाइनाचे प्रख्यात निर्माते चार्ल्स पार्सन्स यांनीं 1884 सालींच ही कल्पना मांडली व पुढें असे संपीडक बांधलेहि. परंतु त्यांत शक्तीचा व्यय फार होई, म्हणून 1908 च्या सुमारास त्यांनीं तो मार्ग सोडून दिला.

याचें कारण काय? टर्बाइनांतील वाफ अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जाते. ती घाट उतरणारी गाडी होय. संपीडकांतील हवेस मात्र वाढत्या दाबाविरुद्ध घाट चढावयाचा असतो. पात्यास चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर घर्षणानें आधींच थकलेला असतो. चढ तीव्र झाला कीं तो थबकतो, मागें वळतो, आणि सारा प्रवाह पात्याची पाठ सोडून भोंवऱ्यांत सांपडतो. वाट तीच असली तरी उतरणें आणि चढणें हीं एक नव्हेत!

हें मर्म 1926 सालीं इंग्लंडांतील फार्नबरो येथील शास्त्रज्ञ ए. ए. ग्रिफिथ यांनीं उलगडून दाखविलें. पातें म्हणजे विमानाचा लहानसा पंखच होय, आणि जुन्या यंत्रांत या पंखांवरून प्रवाह सुटलेलाच असे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. म्हणून पात्याचा आकार पंखासारखा सुबक असावा व प्रत्येक टप्प्यास थोडाच चढ द्यावा, हें तत्त्व रूढ झालें.

हा चढ किती थोडा असतो तें पाहा. 1942 सालीं जर्मनीचें मेसरश्मिट 262 हें विमान ज्या यूमो 004 एंजिनांवर उडालें, त्याचा संपीडक 8 टप्प्यांत दाब सुमारें तिप्पट करी. म्हणजे प्रत्येक टप्पा सुमारें 1.15 पट. 2020 सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेल्या जीई-9एक्स एंजिनाचा मुख्य संपीडक 11 टप्प्यांत दाब 27 पट करितो. म्हणजे प्रत्येक टप्पा सुमारें 1.35 पट. दर टप्प्यांतील हा फरक क्षुल्लक वाटेल; परंतु चक्रवाढ व्याज शिकलेल्या विद्यार्थ्यांस त्याचें महत्त्व सांगणें नलगे.

मर्यादा ओलांडल्यास मात्र प्रसंग बिकट होतो. फिरण्याच्या मानानें हवा कमी येऊं लागली कीं ती पात्यांस तिरप्या कोनांत भेटते, प्रवाह सुटतो, आणि मागील दाबलेली हवा स्फोटासारखा आवाज करीत पुढें उसळते. यास तंत्रज्ञ ‘सर्ज’ म्हणतात. 27 डिसेंबर 1991 रोजीं स्टॉकहोमहून निघालेल्या एका विमानाच्या पंखांवरील बर्फ एंजिनांत शिरून पुढचीं पातीं वांकलीं व प्रवाह बिघडला. अशा वेळीं एंजिनाचा जोर कमी करावयाचा. परंतु वैमानिकांस ठाऊक नसलेल्या एका स्वयंचलित योजनेनें तो उलट वाढविला. दोन्हीं एंजिनें निकामी झालीं. विमान शेतांत उतरून मोडलें. तथापि त्यांतील 129 जणांपैकीं सर्वच वांचले.

यास्तव संपीडक रचणारा प्रत्येक पात्यावरील प्रवाहाचें गणित मांडून, हवा किती चढ सोसेल हें आधीं पाहतो, आणि त्या मर्यादेच्या अलीकडे कांहीं अंतर राखूनच यंत्र चालवितो. हवा दृष्टीस पडत नाहीं, परंतु तिच्या शक्तीबाहेरचें ओझें तिच्यावर लादलें तर ती तें निमूटपणें वाहत नाहीं, हेंच या शास्त्राचें सार होय.