अमेरिका की युरोप? आधी विमानावरची अक्षरं वाचा

भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानाच्या अंगावर 'व्हीटी' ही दोन अक्षरं रंगवलेली असतात. अमेरिकेतल्या विमानावर 'एन', जर्मनीतल्या विमानावर 'डी', स्पेनच्या विमानावर 'ईसी'. १९४४च्या शिकागो कराराचं ३२वं कलम सांगतं, की आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाकडे, त्याचं विमान ज्या देशात नोंदलेलं आहे त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना हवा. बारावीनंतर पोराला किंवा पोरीला वैमानिक करायला निघालेल्या वाशिम, रिसोड, कारंज्याच्या घरांत 'अमेरिका बरी की युरोप' असा खल होतो, तेव्हा हे कलम कुणी काढत नाही. एजंट तर नाहीच काढत.

म्हणून पहिला प्रश्न शिकायचं कुठे हा नाहीच. नोकरी कुठे करायची, हा आहे. आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या बाबतीत उत्तर ठरलेलं आहे: इंडिगो, एअर इंडिया, अकासा. म्हणजे 'व्हीटी'. अमेरिकेच्या एफएएचा परवाना आणा की युरोपच्या ईएएसएचा, दिल्लीच्या डीजीसीएपुढे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयापुढे, दोघांनाही रांगेत उभं राहावं लागतं. हवाई नियम, नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्राची परीक्षा, वर्ग १ची वैद्यकीय तपासणी, रेडिओवर बोलण्यासाठीची आरटीआर, उड्डाणचाचणी आणि परदेशी परवाना खरा असल्याची तिकडच्या यंत्रणेकडून आलेली खातरजमा, एवढं सगळं झाल्यावर भारतीय परवाना हाती पडतो.

तरीही मुलं अमेरिकेत जातात, आणि त्याला कारण आहे. फ्लोरिडा, ॲरिझोना, टेक्सासात हवा बहुतेक काळ मोकळी असते, विमानतळ पावलोपावली आहेत, विमानं आणि प्रशिक्षक भरपूर आहेत. आपल्याकडे पावसाळा लागला की उड्डाणाचे तास रखडतात आणि वर्षाचा अभ्यासक्रम दोन-अडीच वर्षं खातो, ही तक्रार जुनीच आहे. अमेरिकी पद्धतही सुटसुटीत. खासगी परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, व्यावसायिक परवाना अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीला एक लेखी परीक्षा आणि मग 'चेकराइड'. त्यात परीक्षक आधी टेबलावर नकाशा पसरून तोंडी परीक्षा घेतो आणि नंतर विमानात बसतो. या परीक्षकांची तारीख मिळवताना आठवडे जातात आणि तोवर राहण्या-खाण्याचा खर्च डॉलरमध्ये चालू राहतो. माहितीपत्रकात तो कुठे दिसत नाही.

खरी मेख मात्र लॉगबुकात आहे. डीजीसीएला व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास लागतात आणि त्यांतले १०० तास 'पायलट इन कमांड' म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, उडवलेले हवेत. अमेरिकी नियम इथे सैल आहेत. खासगी परवाना मिळालेला विद्यार्थी शेजारी प्रशिक्षक बसलेला असतानाही, कंट्रोल एकट्याच्या हातात असेल तर, तो तास 'पायलट इन कमांड'च्या रकान्यात लिहू शकतो. तोच तास 'ड्युअल'च्या, म्हणजे प्रशिक्षकासोबतच्या, रकान्यातही चढतो. आपल्याकडे असा तास ड्युअलच धरतात. मग अमेरिकी हिशेबाने काठोकाठ भरलेलं लॉगबुक दिल्लीत मोजायला घेतलं की कमी भरतं, आणि उरलेले तास पुन्हा पैसे मोजून उडवावे लागतात. दुसरी गोष्ट, अमेरिकेच्या 'पार्ट १४१' शाळांत व्यावसायिक परवाना १९० तासांतही मिळतो. परवाना खरा, पण आपल्या २०० तासांना दहाने कमी. तिकडे उडण्याच्या पहिल्याच दिवशी लॉगबुकात 'डीजीसीएचे तास' असा वेगळा रकाना आखून घेतलेला बरा.

'शिकून तिकडेच विमान कंपनीत लागेल' हा हिशेब तर साफ चुकीचा. २००९च्या फेब्रुवारीत कोल्गन एअरचं विमान बफेलोजवळ घरावर कोसळलं, ५० माणसं गेली. त्यानंतर आलेल्या कायद्यामुळे २०१३पासून तिथल्या विमान कंपनीत सहवैमानिक व्हायलाही साधारण १,५०० तास लागतात. गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १,५००च्या वरच होते. कायदे कधीकधी भलत्याच जागी मलम लावतात. काहीही असो, २०० तासांचा परदेशी पोरगा, व्यावसायिक प्रशिक्षणाचा एम-१ व्हिसा आणि अमेरिकी विमान कंपनी, हे गणित जुळत नाही. भारतात मात्र २०० तास, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवण्याची मान्यता, एवढ्यावर सहवैमानिकाची उजवी खुर्ची मिळू शकते.

युरोपचा रस्ता घाटाचा आहे. तिथे सुरुवातीलाच एटीपीएलचे, म्हणजे विमान कंपनीच्या वैमानिक परवान्याचे, १३ विषय काढायला लावतात, प्रत्येकात ७५ टक्के. सलग अभ्यासक्रमात वर्गातल्या शिकवणीचेच ७५० तास. त्यावर विमान भलत्या कोनात गेलं तर सावरायचं कसं याचं प्रशिक्षण, आणि दोघांनी मिळून कॉकपिट चालवण्याचा वेगळा कोर्स. पाया पक्का होतो, यात शंका नाही. पण सलग अभ्यासक्रमाची फी लाख युरोच्या आसपास जाते आणि परत आल्यावर डीजीसीएचे पेपर आहेतच. ब्रिटन २०२०च्या अखेरीस ईएएसएमधून बाहेर पडलं, तेव्हा 'लंडनला शिकला की सगळा युरोप मोकळा' हेही आता खरं नाही. युरोपात राहण्या-काम करण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे, आईबाप तिकडे स्थायिक आहेत किंवा पासपोर्ट तिकडचा आहे, त्याने हा मार्ग जरूर धरावा. जर्मनीच्या लुफ्तान्झाने आपले विद्यार्थी वर्षानुवर्षं ॲरिझोनातल्या गुडइयरला नेऊन उडवले. तास ॲरिझोनातले, परवाना युरोपचा. कागद कोणता हवा हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

अमेरिकेत शिकून 'व्हीटी'साठी झगडलेलं मराठी नाव म्हणजे कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीच्या चारकोपमधल्या घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, २०१६च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते बीकेसीत मांडलं. विमान तयार होतं, नोंदणी नव्हती. 'व्हीटी-एनएमडी' ही अक्षरं मिळायला २०१७चा नोव्हेंबर उजाडला. त्यांचा प्रश्न विमानाच्या नोंदणीचा होता, परवान्याचा नव्हे. पण दिल्लीच्या कागदाचं वजन किती, हे त्यातून कळतं.

आता आपल्या जवळचं. वाशिम जिल्ह्यात विमानतळ नाही, पण विदर्भ या बाबतीत अगदीच कोरडा राहिलेला नाही. गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवर कित्येक वर्षांपासून वैमानिक घडताहेत. कारंज्याच्या शेजारच्या अमरावतीत, बेलोऱ्याला, एअर इंडियाने प्रशिक्षण संस्थेचा प्रकल्प हाती घेतला आहे. ३४ विमानं आणि वर्षाला १८० वैमानिकांचं उद्दिष्ट. नागपूरच्या 'महाज्योती' या सरकारी संस्थेने इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबच्या साथीने वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर ही बातमी किती पोहोचली असेल, शंकाच आहे. जागा थोड्या असतात, पण अर्ज करायला वावर विकावं लागत नाही.

कारण पैशाचा विषय येतोच. भारतात शिकलं तरी ५० लाखांच्या आसपास तयारी ठेवावी लागते, टाइप रेटिंग वेगळं. सोयाबीनच्या भावावर जगणाऱ्या घरात एवढी रक्कम म्हणजे जमीन किंवा कर्ज. तेव्हा उलट्या टोकाने सुरू करा. आधी वर्ग २ आणि लगोलग वर्ग १ची वैद्यकीय तपासणी. चष्मा असला म्हणून दार बंद होत नाही. रंग ओळखण्यातला दोष किंवा एखादा दडलेला आजार मात्र इथेच कळलेला बरा. मग डीजीसीएचे पेपर घरी बसून काढा, प्रत्येकी ७० टक्के लागतात. आरटीआर पूर्वी दूरसंचार विभाग घ्यायचा, भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ने ती डीजीसीएकडे आणली. पेपर आधी का, त्यालाही नियमच कारण आहे: परवान्याच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत काही तास स्वतःच्या जबाबदारीवर उडवलेले असावे लागतात. परतल्यावर पेपरांत वर्ष घालवलं की ते तास शिळे होतात.

वैद्यकीय तपासणी आणि पेपर निघाले, त्यानंतर वेळ वाचवायचा असेल तर अमेरिका. युरोपचा पासपोर्ट असेल तर युरोप. दोन्ही नसेल तर गोंदिया किंवा, सुरू झालं असेल तर, बेलोरा, आणि त्यात कमीपणा काही नाही. वर्ग १चं प्रमाणपत्र हाती येईपर्यंत एजंटला एक रुपयाही देऊ नका.