श्वासाचा पहारेकरी

दम कोंडला की आपण म्हणतो, प्राणवायू कमी पडला. हे म्हणणे पुरते खरे नाही. श्वास रोखून पाहा; थोड्याच वेळात छाती आतून धडका देऊ लागते. ती हाक मुख्यतः रक्तात कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, साचल्याची असते. श्वास किती घ्यायचा हे एरवी हाच वायू ठरवतो, असे हॉल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ साली दाखवून दिले.

याचा पहारेकरी मेंदूच्या बुडाशी, मस्तिष्कपुच्छात बसलेला आहे. कर्बवायू रक्तातून तेथे सहज झिरपतो आणि पाण्याशी मिळून त्याचे आम्ल बनते. तेथील काही चेतापेशींच्या आवरणातील प्रथिनांना ही आम्लता कळते; पेशी चेतवल्या जातात आणि श्वासाच्या स्नायूंना हुकूम सुटतो. अशी दोन प्रथिने काढून टाकलेल्या उंदरांत कर्बवायू वाढूनही श्वास पुरेसा वाढत नाही, असे २०१५ साली दिसून आले. प्राणवायूवर नजर ठेवणारी लहान चौकी मानेतील मोठ्या धमनीपाशी आहे; पण प्राणवायू बराच उतरेपर्यंत ती नीटशी जागी होत नाही.

आता हे कामगाराच्या जिवाशी कसे येऊन भिडते ते पाहा. बंद लोखंडी टाकी गंजते तेव्हा गंज प्राणवायू खातो, पण कर्बवायू सोडत नाही. आत उतरलेल्या माणसाच्या अंगातला कर्बवायू उच्छ्वासावाटे जातच राहतो. पहारेकरी गप्प राहतो, आणि दम लागल्याची जाणीव होण्याआधीच माणूस कोसळतो. मळी आंबवण्याच्या हौदात याच्या उलट घडते. तेथे कर्बवायूच तयार होतो आणि हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. पहारेकरी ओरडतो खरा. परंतु हवेत दहा टक्के कर्बवायू झाला की काही मिनिटांतच शुद्ध हरपते. वर उभा असलेला सोबती त्याला काढायला उतरतो, आणि एकाचे दोन मृत्यू होतात.

आपल्या शहादा-लोणखेडा भागात ऊस आहे, साखर कारखाना आहे, विहिरी आहेत. म्हणून हे घरोघरी माहीत असावे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६व्या कलमाने अशा जागांसाठी नियम घालून दिला होता: हवा तपासल्याचा लेखी दाखला हवा; नाहीतर श्वसनयंत्र, अंगाला पट्टा, आणि दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती. "उतरून बघ, दम लागला तर वर ये," असे कोणी मुकादम म्हणाला, तर त्याला सांगा, आमचा पहारेकरी आम्ल ओळखतो, प्राणवायू मोजत नाही. आधी यंत्राने हवा मोजा, मग आम्ही पाय आत ठेवू.