संगणकाला होणारा रोग व त्यावर उपाय

(इयत्ता ४ थी)



माणसाला रोग होतो, गुरांना होतो, पिकालाही होतो. कपाशीवर बोंडअळी येते, उसावर लोकरी मावा येतो. तसाच संगणकालाही रोग होतो. त्याला व्हायरस म्हणतात. हे ऐकून आमची आजी म्हणाली, "आरं, त्या डबड्याला बी रोग व्हतो व्हय? मग त्याला सुई कुठं टोचायची?" आजीचा प्रश्न चांगला आहे. त्याचेच उत्तर मी या लेखात देणार आहे.

व्हायरस म्हणजे काय?

संगणकाचा व्हायरस हा किडा नाही. तो हवेतून येत नाही, पाण्यातून येत नाही. संगणकाजवळ शिंकले तरी तो होत नाही. तो माणसानेच लिहिलेला एक प्रोग्रॅम असतो. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी. संगणक हा सांगकाम्या आहे. चांगली आज्ञा कोणती, वाईट कोणती, हे त्याला कळत नाही. "बेरीज कर" म्हटले की तो बेरीज करतो आणि "सगळ्या फाइली लपव" म्हटले की लपवतो. वाईट कामासाठी लिहिलेल्या अशा सर्व प्रोग्रॅमना मिळून मालवेअर म्हणतात. त्यांचे प्रकार असे आहेत.

१) व्हायरस : हा दुसऱ्या फाइलीला गोचिडासारखा चिकटतो आणि तिच्याबरोबर फिरतो.
२) वर्म : हा कोणाला चिकटत नाही. एका संगणकातून दुसऱ्यात आपला आपण जातो.
३) ट्रोजन : हा सोंग घेऊन येतो. वरून खेळ दिसतो, आत चोर असतो.
४) स्पायवेअर : हा हेर आहे. आपण कोणता पासवर्ड टाकला ते गुपचूप टिपून घेतो.
५) रॅन्समवेअर : हा आपल्या फाइलींना कुलूप लावतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो.

थोडा इतिहास

१९८६ साली पाकिस्तानातील लाहोर शहरात दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. त्या काळी पेनड्राइव्ह नव्हते. फ्लॉपी नावाच्या चौकोनी पातळ तबकड्या होत्या. त्या एका संगणकातून काढून दुसऱ्यात घालत, त्यांच्याबरोबर ब्रेन फिरत राहिला. गंमत म्हणजे त्या भावांनी व्हायरसमध्ये आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहिला होता! आताचे चोर पत्ता देत नाहीत.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा कुलूपवाला वर्म सुटला. तो सुमारे १५० देशांत गेला. इंग्लंडमध्ये कितीतरी सरकारी दवाखान्यांचे संगणक बंद पडले. रोग्यांच्या तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो आत शिरला, ती फट बुजवण्याचे औषध मार्च २०१७ मध्येच, म्हणजे दोन महिने आधी निघाले होते. पण पुष्कळ लोकांनी ते संगणकात घातलेच नव्हते.

त्याच वर्षी २७ जूनला 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा मालवेअर पसरला. त्याचा फटका आपल्या महाराष्ट्रालाही बसला. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथील एका धक्क्याचे संगणक बंद पडले आणि मालाच्या पेट्या अडकून पडल्या. म्हणजे रोग संगणकाला आणि हाल माणसांचे.

चांगल्या लोकांनी औषधही शोधले. सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. त्यांचे धाकटे भाऊ संजय संगणक शिकले. त्यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून 'क्विक हील' ही कंपनी उभी राहिली. व्हायरस दोन भावांनी लिहिला आणि औषध पण दोन भावांनी केले, हे मला फार आवडले.

पेनड्राइव्हचा रोग

आपल्याकडे पुष्कळदा दिसतो तो पेनड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस. आमच्या काकांच्या संगणकाला तोच झाला होता. काका गावातल्या लोकांचे अर्ज भरून देतात. त्यांच्या संगणकात लोकांचे सातबारे, आधार कार्डे, पोरींच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे असतात. काकांनी तालुक्याच्या गावी एका दुकानात फोटोच्या प्रती काढायला पेनड्राइव्ह दिला होता. घरी आणून लावला तर सगळे फोल्डर होते, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण आला होता. त्या पेनड्राइव्हमध्ये आमच्या आजोबांचे फोटो होते. आजोबा आता नाहीत आणि ते फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते.

शेजारचे एकजण म्हणाले, "फॉरमॅट मारा, मोकळं व्हा." फॉरमॅट म्हणजे पाटी पुसतात तसे सगळे पुसून टाकणे. पण मामांचा मुलगा आयटीआयला संगणक शिकतो. तो म्हणाला, "थांबा! फॉरमॅट करू नका. आधी वजन बघू." त्याने पेनड्राइव्हवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले. बाणवाली एकेक फाइल जेमतेम एक-दोन केबी होती. परंतु पेनड्राइव्ह मात्र ६ जीबी भरलेला दिसत होता. दादा म्हणाला, "पोतं रिकामं दिसतंय, पण उचलल्यावर जड लागतंय. म्हणजे माल आतच आहे. चोरानं नुसता लपवलाय."

हा व्हायरस असे करतो. तो आपले खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा खोटा बाण तेथे ठेवतो. बाणावर कळ दाबली की आधी व्हायरस चालू होतो आणि मग खरे फोल्डरही उघडून दाखवतो. त्यामुळे आपल्याला संशय येत नाही. तेवढ्यात तो संगणकात घर करतो. नंतर जो पेनड्राइव्ह लावाल त्याला लागण होते. पूर्वी पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा. २०११ साली मायक्रोसॉफ्टने ती सोय बंद केली. म्हणून चोरांना आपल्याच हाताने कळ दाबून घ्यावी लागते. आपण कळ दाबली नाही तर तो तसाच पडून राहतो!

रोग कसा ओळखावा?

संगणक एकदम मंद चालतो. न मागता जाहिराती येतात. न घेतलेले प्रोग्रॅम दिसतात. फोल्डरवर बाण येतात. अँटिव्हायरस आपोआप बंद होतो. फाइल उघडत नाही आणि पैसे मागणारी पाटी येते. पण संगणक नुसता मंद झाला म्हणजे व्हायरसच आला असे नव्हे. तो जुना झाला किंवा पार भरून गेला तरी मंद होतो. म्हणून तपासावे, मगच बोलावे.

उपचार

उपचारात क्रम फार महत्त्वाचा आहे. २०२२ साली गुरांना लम्पी आला तेव्हा आधी आजारी जनावर वेगळे बांधायचे, बाजार बंद ठेवायचे आणि मग औषधपाणी करायचे. तसेच येथे आहे. दादाने केले ते क्रमाने सांगतो.

पहिले काम : संगणकाचे इंटरनेट बंद केले. म्हणजे आतल्या चोराला बाहेर निरोप देता येत नाही. दुसरा कोणताही पेनड्राइव्ह लावला नाही. पैशांचे व्यवहार आणि पासवर्ड टाकणे बंद ठेवले.

दुसरे काम : आधी संगणक साफ केला, पेनड्राइव्ह नाही. कारण पेनड्राइव्ह आधी धुतला आणि संगणक तसाच राहिला, तर लावल्याबरोबर पुन्हा लागण. विंडोज १० व ११ मध्ये 'विंडोज सिक्युरिटी' नावाचा राखणदार आधीपासूनच असतो. त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडून 'स्कॅन ऑप्शन्स' मध्ये 'फुल स्कॅन' निवडले. याला फार वेळ लागतो. आमची जेवणे झाली तरी चालूच होते. सापडलेले व्हायरस 'रिमूव्ह' म्हणून काढले.

तिसरे काम : काही व्हायरस फार हट्टी असतात. संगणक चालू असताना ते लपून बसतात. त्यांच्यासाठी 'ऑफलाइन स्कॅन' असतो. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि चोर उठायच्या आतच राखणदार घर तपासतो. याला साधारण पंधरा मिनिटे लागतात.

चौथे काम : थोडा वेळ इंटरनेट जोडून राखणदाराला नवीन चोरांची यादी दिली, म्हणजे 'अपडेट' केले, आणि पुन्हा स्कॅन केला. काही सापडले नाही.

पाचवे काम : आता पेनड्राइव्ह लावला. न उघडता उजवी कळ दाबून त्याचा स्कॅन केला. खोटे बाण काढून टाकले. मग लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू केली. साध्या लपलेल्या फाइली लगेच दिसतात. पण या चोराने त्यांना संगणकाच्या खास फाइलींचा शिक्का मारला होता, म्हणून दादाने 'अ‍ॅट्रिब' नावाची आज्ञा देऊन तो शिक्का काढला. ही आज्ञा आपण मुलांनी देऊ नये, जाणत्या माणसाकडून करून घ्यावी. मग एकेक फोल्डर दिसू लागले. आजोबांचे फोटो पण निघाले. आजीने चष्मा लावून सगळे पुन्हा पुन्हा पाहिले.

सहावे काम : काकांनी दुसऱ्या स्वच्छ संगणकावर बसून आपले सगळे पासवर्ड बदलले. हे आजारी संगणकावर करू नये. नाहीतर नवीन किल्ली पण चोराच्याच हातात.

एवढे करूनही रोग गेला नाही तर कागदपत्रे काढून घेऊन विंडोज पुन्हा नव्याने भरावे लागते. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. भारत सरकारने २०१७ साली 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. त्यांच्याकडे व्हायरस काढण्याची साधने फुकट मिळतात. चोराने बँकेतले पैसे नेले तर लगेच १९३० या नंबरवर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

रोग होऊच नये म्हणून

पाणी येण्याआधी बांध घालावा. पुढील नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून काकांच्या संगणकाशेजारी लावले आहेत.

१) बाहेरचा पेनड्राइव्ह आधी तपासावा, मग उघडावा.
२) प्रती काढायला द्यायच्या पेनड्राइव्हमध्ये तेवढीच फाइल ठेवावी. सगळे घर पाठवू नये.
३) अपडेट आले की करून घ्यावे. ती फट बुजवण्याची माती आहे. विंडोज १० ला नेहमीचे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी जाणत्याला विचारून सोय करावी.
४) विकतचा प्रोग्रॅम कोणी चोरून फुकट देत असेल तर घेऊ नये. फुकट मिळाले म्हणून कोणी विष खात नाही.
५) "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" अशी पाटी आली तर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो.
६) अनोळखी पत्राबरोबर आलेली फाइल उघडू नये. ओळखीच्याने विचित्र फाइल पाठवली तर त्याला आधी विचारावे.
७) अँटिव्हायरस बंद करू नये. एका संगणकात दोन अँटिव्हायरस पण नकोत. दोघेही भांडत बसतात.
८) महत्त्वाच्या फाइलींच्या दोन प्रती असाव्यात. एक प्रत संगणकाला न जोडता कपाटात ठेवावी. जोडून ठेवली तर कुलूपवाला चोर तिलाही कुलूप लावतो.

आठवा नियम मला सर्वांत मोठा वाटतो. आपण बियाणे सगळे पेरत नाही, थोडे घरात राखून ठेवतो. पीक गेले तरी बी राहते. फाइलींचे तसेच आहे. आमच्या आजोबांचे फोटो आता दोन ठिकाणी आहेत, एक संगणकात आणि एक आजीच्या पेटीत.

मित्रांनो, काही जण म्हणतात, "आमच्या संगणकात चोरण्यासारखे काय आहे?" पण काकांच्या संगणकात फक्त काकांचे कागद नाहीत. त्यात साऱ्या वस्तीचे आहेत. विहिरीत एकाने घाण टाकली की पाणी सगळ्यांचेच बिघडते. म्हणून आपल्या शाळेतल्या संगणकाला पण कोणीही घरचा पेनड्राइव्ह न तपासता लावू नये. आधी गुरुजींना विचारावे.

आणि आजीच्या प्रश्नाचे उत्तर असे : आजी, संगणकाला सुई टोचत नाहीत. त्याची लस म्हणजे अपडेट आणि औषध म्हणजे स्कॅन.

कोडे : नाव तेच, घर तेच, कोपऱ्यात बाण, दाबशील तर फसशील. मी कोण?
(उत्तर : शॉर्टकट व्हायरस)

सुविचार : आधी तपासा, मग उघडा.